फळांच्या नॉन-वोव्हन पिशव्या: रस शोषणाऱ्या पतंगासाठी घेतल्या होत्या, कशा निघाल्या ते सविस्तर

आधीच सांगते, पिशव्या चांगल्या आहेत, बिनधास्त घ्या. माझ्याकडून पाचपैकी चार स्टार, एक का कापला ते खाली येईल. रिव्ह्यू जरा लांब होणार आहे, कारण या पिशव्या नेमक्या कोणापासून वाचवतात हे माहीत नसलं तर पैसे पाण्यात जातात, आणि ज्याच्यासाठी मी घेतल्या तो पतंग आपल्याकडच्या बऱ्याच बागायतदारांनी डोळ्यांनी बघितलेलाच नाही. फळ गळालं की आपण फळमाशी म्हणतो, नाहीतर बुरशी म्हणतो, दुकानदार जी बाटली देईल ती घेऊन येतो आणि मारतो. पतंग येतो रात्री आणि आपण बागेत जातो दिवसा, मग तो दिसणार कसा?

आमची मोसंबी जालना जिल्ह्यात, आंबिया बहार (जानेवारी-फेब्रुवारीच्या फुलांवरचं पीक) धरतो, आणि घरामागे डाळिंबाची थोडी झाडं आहेत. शेताच्या एका अंगाला ओढा, ओढ्याच्या काठानं कडुलिंब आणि बाभळी, त्यांच्यावर गुळवेल चढलेली, पलीकडे गायरान. ही जागा सांगायचं कारण आहे, पुढे येईलच.

ऑगस्टमध्ये फळ रंगावर यायच्या आधीपासून ओढ्याकडच्या ओळीत गळ सुरू होते. गळालेलं फळ हातात घेऊन नीट बघा, सालीवर टाचणीच्या टोकाएवढं गोल भोक असतं, त्याच्या भोवतीचा भाग मऊ पडून तपकिरी झालेला, आणि दोन बोटांनी दाबलं की त्या भोकातून रसाचा थेंब बाहेर येतो. वास आंबूस. कापलं तर भोकाखालच्या फोडी कोरड्या, स्पंजासारख्या, पण आत अळी नाही. हीच खूण लक्षात ठेवा. फळमाशीच्या फळात कापल्यावर पांढऱ्या बारीक अळ्या वळवळताना दिसतात, पतंगाच्या फळात ताज्या गळीत तरी काही सापडत नाही. दोघांचा इलाज वेगळा आहे म्हणून हे सांगतेय. मिथाइल युजेनॉलचे सापळे लोक मोठ्या आशेनं लावतात, त्यात फळमाशीचे नर अडकतात आणि ते काम ते सापळे चांगलं करतात, पण पतंग त्या वासाला येतच नाही.

आता पतंग. आठ-साडेआठ वाजता डोक्याला टॉर्च लावून ओढ्याकडच्या ओळीत जायचं आणि हळू चालत फळांवर उजेड फिरवायचा. आधी पतंग दिसत नाही, त्याचे डोळे दिसतात, निखाऱ्यासारखे नारिंगी-लाल चमकतात. जवळ गेलं तर फळावर चांगला बोटभर लांबीचा, जाड अंगाचा प्राणी बसलेला असतो, पंख छपरासारखे मिटलेले, सोंड थेट सालीत रुतलेली. एकदा सोंड आत गेली की तो उजेडाला लगेच उठत नाही, त्यामुळे बघायला भरपूर वेळ मिळतो. माझ्या पुतणीने मोबाईलवर काढलेल्या व्हिडिओत ती सोंड आत-बाहेर, आत-बाहेर होताना स्पष्ट दिसते. बाकीच्या बहुतेक पतंगांची सोंड मऊ असते, फुलातला मध ओढण्यापुरती. याच्या सोंडेचं टोक कडक आणि बारीक दातेरी असतं, म्हणून मोसंबीच्या सालीतून सुद्धा तो आरपार जातो. पिकलेलं फळ कुठे फुटलेलं आहे का हे शोधायची त्याला गरजच नाही.

आमच्याकडे दोन जाती येतात. एकीचं शास्त्रीय नाव युडोसिमा मॅटर्ना, दुसरीचं युडोसिमा फॅलोनिया. जुन्या पुस्तकांत दुसरीला ऑथ्रेस फुलोनिया म्हटलेलं आहे, शोधताना दोन्ही नावं टाकून बघा नाहीतर निम्मी माहिती हातातून जाते. पंखांचा पसारा दोघांचाही आठ-नऊ सेंटिमीटरच्या आसपास. बसलेले असताना दोघेही वाळक्या पानासारखे, पुढचे पंख राखाडी-तपकिरी, कधी हिरवट झाक, त्यावर बारीक रेषा आणि ठिपके, आणि तोंडाकडचा भाग पुढे असा निघालेला की पानाचा देठच वाटावा. दिवसा ते झाडीत, पाचोळ्यात बसतात तेव्हा समोर असून नजरेला येत नाहीत. नर आणि मादी यांच्या पुढच्या पंखांची नक्षी वेगळी असते, त्यामुळे एकाच जातीचे दोन फोटो शेजारी ठेवले तरी वेगळ्या जाती वाटतात, त्यात गोंधळून जाऊ नका.

खरी ओळख मागच्या पंखावर. पतंगाला जरा डिवचलं की पुढचे पंख उघडतात आणि खालून एकदम झेंडूसारखा नारिंगी रंग बाहेर येतो, कडेला काळी किनार. मॅटर्ना असेल तर त्या नारिंगी पंखाच्या मधोमध एक गोल काळा टिपका. फॅलोनिया असेल तर गोल टिपक्याच्या जागी मोठा वाकडा काळा डाग, स्वल्पविराम मोठा करून काढावा तसा. एवढ्या एका खुणेवर दोघं वेगळे करता येतात, आणि सकाळी बागेत नुसता तुटका मागचा पंख पडलेला सापडला तरी चालतो. मला विचाराल तर आपल्या शेतात येणाऱ्या पाखरांमध्ये एवढं देखणं दुसरं नाही, नुकसान करतो हे खरं असलं तरी देखणा आहे हे पण खरंच आहे.

आणखी एक पतंग त्याच फळांवर दिसतो, मागचे पंख काळे आणि त्यावर पांढरे डाग-पट्टे. तो एरंडाच्या उंटअळीचा पतंग, तो पण रस पितो. टॉर्चमध्ये बारीकसारीक बाकीचे पतंग पण दिसतील, त्यातले बरेच नुसते आयत्या भोकावर बसणारे असतात, मोठ्यांनी पाडलेल्या भोकातून गळणारा रस पितात. दिसेल त्या प्रत्येक पाखराला गुन्हेगार समजू नका.

अळी वेगळीच. बाकी बहुतेक किडींमध्ये अळी पीक खाते आणि पतंग बिचारा निरुपद्रवी असतो, इथे बरोबर उलटं. याची अळी मोसंबीचं पान खात नाही, डाळिंबाचं खात नाही. तिला लागते गुळवेल, वासनवेल, म्हणजे त्याच कुळातल्या वेली. ओढ्याकाठच्या गुळवेलीवर पावसाळ्यात पानं उलटून बघा, मखमली काळपट-तपकिरी अळी, अंगावर दोन्ही बाजूंना डोळ्यांसारखे गोल डाग, हात लावला की डोकं खाली दुमडते आणि शेपटीकडचा भाग वर उचलते, आणि ते खोटे डोळे थेट तुमच्याकडे बघायला लागतात. पक्षी घाबरावेत म्हणून असणार ते, आमची पुतणी तर पहिल्यांदा दोन पावलं मागे सरली होती. कोष पण तिथेच, पान गुंडाळून रेशमाने चिकटवलेलं. अंड्यापासून पतंग व्हायला साधारण महिना लागतो, म्हणजे जूनच्या पावसानं गुळवेल फुटली की ऑगस्टपर्यंत एक-दोन पिढ्या होऊन जातात आणि नेमकी तेव्हाच आंबिया बहाराची फळं भरत आलेली असतात. ऑगस्ट ते ऑक्टोबर हा सगळा त्रासाचा काळ, त्याचं कारण हे.

म्हणूनच बागेत फवारणी करून हाती काही लागत नाही. अंडी, अळी, कोष यातलं काहीच बागेत नसतं, सगळं ओढ्यावर, गायरानात, डोंगरात. पतंग अंधार पडल्यावर उडत येतो, रस पितो, उजाडायच्या आत निघून जातो, आणि उडायला दमदार आहे, शेजारच्या शेतातूनच येतो असं काही नाही.

कुठे कुठे सापडतो हे वाचायला घेतलं तर थांबताच येत नाही. मॅटर्ना आफ्रिकेत सहाराच्या खालच्या भागापासून भारत, श्रीलंका, पुढे आग्नेय आशिया आणि ऑस्ट्रेलियाच्या उत्तर भागापर्यंत आहे. फॅलोनिया त्याहून पसरलेला, जपानपर्यंत आणि तिकडे पॅसिफिक महासागरातल्या बेटांवर, १९८० च्या दशकात तर हवाई बेटांवर पण पोचला. लिनियस नावाच्या स्वीडिश शास्त्रज्ञाने फॅलोनियाला १७६३ मध्ये आणि मॅटर्नाला १७६७ मध्ये नाव दिलं, म्हणजे शास्त्राला अडीचशे वर्षांपासून माहीत आहे, आपल्याला मात्र बांधावरचा असून माहीत नाही. थायलंडमध्ये तो लोंगनवर (लिचीसारखं फळ) पडतो, ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडला लिचीवर, आंध्रात सातगुडी मोसंबीवर, आपल्याकडे विदर्भात नागपुरी संत्र्यावर, मराठवाड्यात मोसंबीवर, आणि डाळिंब, पेरू, द्राक्षं, टोमॅटो काही सोडत नाही. पॅसिफिकच्या बेटांवर फॅलोनियाच्या अळीने पांगारा खायला सुरुवात केली आहे, आपल्याकडे पांगारा एवढा असून इथली अळी गुळवेलीच्याच कुळाला धरून आहे. एकाच जातीची ही दोन ठिकाणची दोन वागणी वाचून मला फार नवल वाटलं.

नकाशावर एवढा पसरलेला असला तरी गावात मात्र तो सगळीकडे सारखा नसतो. आमच्या ओढ्याकडच्या ओळीत गळ आणि रस्त्याकडच्या ओळीत जवळजवळ नाही. गावात उघड्या माळावर ज्यांची बाग आहे त्यांना हा पतंग माहीतच नाही, आणि टेकडीच्या पायथ्याला आहे ते दरवर्षी रडतात. त्यामुळे पिशव्या ऑर्डर करायच्या आधी आपली बाग कुठे आहे, झाडी कोणत्या बाजूला आहे आणि गळ कोणत्या ओळीत आहे हे बघा. सगळ्या बागेला पिशव्या लागत नाहीत.

आता पिशवीकडे येते. मी घेतली ती पांढरी नॉन-वोव्हन कापडाची, तोंडाला नाडी, ओढली की बंद. डाळिंबासाठी मधली साईज आणि मोसंबीसाठी एक नंबर मोठी. मोठीच घ्या, हे सगळ्यात महत्त्वाचं. कारण कापड फळाला घट्ट चिकटलं असेल तर पतंग कापडातून सोंड घालतो. मी स्वतः बघितलंय, पिशवीवर बसलेला पतंग, सोंड कापडातून आरपार, आणि दुसऱ्या दिवशी फळाला भोक. जिथे पिशवी सैल होती, फळ आणि कापड यात बोटभर अंतर होतं, तिथे एकही भोक नाही. तेव्हा दुकानदार जी साईज "डाळिंबाची" म्हणून देतो ती फळ छोटं असताना मोठी वाटते आणि फळ भरलं की अंगाबरोबर होते, म्हणजे नेमकी नको तेव्हा. आणि खाली लोंबणाऱ्या फांदीवर पिशवी दुसऱ्या फळाला टेकत नाही ना हे पण बघायचं.

कधी घालायची? फळ रंग धरायच्या आधी, आमच्याकडे जुलैच्या शेवटी. एकदा भोक पडलेलं फळ पिशवीत घातलं तर आत सडतं आणि त्याच्या वासानं आणखी येतात. घालताना फळ आणि देठ नीट बघून घ्या, पिठ्या ढेकूण (पांढरी, कापसासारखी दिसणारी कीड) असेल तर आधी साफ करा, नाहीतर पिशवीच्या सावलीत त्याला आयतं घर मिळतं, बाहेरून कळतही नाही. आमच्या दोन-तीन डाळिंबांचं असं झालं, म्हणून आता दर आठवड्याला चार-सहा पिशव्या उघडून बघायच्या हा नियम.

पावसाचं पाणी कापडातून आत जातं पण झिरपून बाहेर पण येतं, हवा खेळती राहते, आत घाम धरत नाही, प्लास्टिकच्या पिशवीचा जो त्रास असतो तो इथे नाही. डाळिंबाला रंग छान आला, उन्हाचे चट्टे पण कमी. मोसंबीचा रंग उघड्या फळापेक्षा जरा फिका आला पण एकसारखा आला, चवीत फरक नाही, व्यापाऱ्याने काही कुरकुर केली नाही. नाडी प्लास्टिकची होती, ती ठीक, पण देठाला फार आवळायची नाही.

एक स्टार कापला तो क्वालिटीच्या एकसारखेपणासाठी. पहिला लॉट चांगला जाड होता आणि उन्हासाठी ट्रीट केलेला, हंगाम संपल्यावर धुऊन वाळवून पुन्हा वापरला तरी धड आहे. त्यावर विश्वास ठेवून दुसऱ्या ठिकाणाहून स्वस्त मिळाल्या म्हणून आणखी मागवल्या, फोटो तोच, वर्णन तेच, आलेलं कापड मात्र पातळ, आणि ऊन खाऊन दीड महिन्यात हात लावला की भुगा व्हायला लागलं, शेतात सगळीकडे पांढऱ्या चिंध्या. परत घेतल्या नाहीत, फोन उचलणं बंद. नाव घेत नाही कारण त्यापेक्षा उपयोगाचं हे आहे की ऑर्डर करायच्या आधी जीएसएम (चौरस मीटरमागे कापडाचं वजन, ग्रॅममध्ये) किती आणि यूव्ही ट्रीटेड (उन्हात टिकण्यासाठी प्रक्रिया केलेली) आहे का हे लेखी विचारा, आणि आधी थोड्या मागवून एक पिशवी पत्र्यावर उन्हात टाकून ठेवा.

मजुरीचं पण बोलू. पिशवी स्वस्त असते, घालायची मजुरी महाग. डाळिंबाच्या झाडाला परवडतं, मोसंबीच्या मोठ्या झाडाला प्रत्येक फळाला पिशवी हे कोणालाच जमणार नाही आणि तसं कोणी सांगत असेल तर ऐकू नका. आम्ही काय केलं, ओढ्याकडच्या दोन ओळी, त्यातही हाताला येणाऱ्या फांद्या, एवढ्यालाच घातल्या. बाकी बागेत रोज सकाळी गळालेली फळं गोळा करून खड्ड्यात पुरली, कारण आंबलेल्या फळाच्या वासानंच पतंग ओढला जातो, आणि ढगाळ संध्याकाळी ओला काडीकचरा पेटवून धूर केला. सासऱ्यांचा धुरावर फार विश्वास आहे आणि ते चुकीचं नाही, धूर असेपर्यंत येत नाहीत, पण रात्रभर कोण बसणार. गूळ, फळाचा रस आणि कीटकनाशक घालून आमिष ठेवायची शिफारस असते, ते मी करत नाही, गूळ म्हटलं की मधमाशी येणारच आणि ती बागेत असलेली बरी. जपानमध्ये बागेत पिवळे दिवे लावतात, त्या उजेडात हा पतंग दिवस समजून गप्प बसतो म्हणे, आपल्याकडे रात्रीच्या लाईटचा भरवसा असता तर मी पहिली लावले असते.

गुळवेलीचं विचाराल तर, बांधावरची आम्ही काढली. बागेला लागून असलेली वेल काढायची हा सल्ला कृषी खात्याचे लोक पण देतात आणि तो बरोबर आहे. पण ओढ्यापलीकडची, गायरानातली काढायला मी कोणाला जाऊ देणार नाही. कोरोनात सगळ्या गावाने काढ्यासाठी तिच्याच काड्या तोडून नेल्या, घरोघरी कुंपणाला लावली, आता पतंगासाठी मुळासकट उपटा म्हणणं मला पटत नाही. आणि ती डोळेवाली अळी, तो नारिंगी पंख, हे आपल्या रानात असायलाच पाहिजे असं मला मनापासून वाटतं. पिशवीचं मला सगळ्यात आवडलेलं काम हेच, फळ पण राहतं आणि पाखरू पण राहतं, औषधाचा एक थेंब न मारता.

तर कोणी घ्यावी: डाळिंबवाल्यांनी नक्की, परसात चार पेरू-मोसंबी असणाऱ्यांनी नक्की, मोठ्या मोसंबी-संत्रावाल्यांनी फक्त झाडीकडच्या ओळींसाठी. उघड्या माळावर बाग असेल आणि रात्री टॉर्च मारून नारिंगी डोळे दिसत नसतील तर घेऊ नका, तुमची गळ दुसऱ्या कशाने आहे, ते आधी शोधा. पिशवी फळाच्या पूर्ण वाढलेल्या मापापेक्षा एक साईज मोठी, पांढरी, यूव्ही ट्रीटेड. आणि जूनमध्येच मागवून ठेवा, जुलै-ऑगस्टमध्ये भाव चढतात आणि डिलिव्हरी येईपर्यंत पहिली भोकं पडलेली असतात.